तुरीनचे सत्तावीस खंड : विवाल्दीच्या अपरिचित संगीताच्या ध्वनिमुद्रणाचा प्रकरण अभ्यास

आंतोनियो विवाल्दी (१६७८–१७४१) या व्हेनिसच्या संगीतकाराचे नाव पाश्चात्त्य अभिजात संगीताशी फारसा परिचय नसलेल्या माणसालाही ठाऊक असते, कारण ‘चार ऋतू’ या नावाने ओळखले जाणारे त्याचे चार व्हायोलिन कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या, बहुधा तीन चरणांच्या रचना) जाहिरातींपासून टेलिफोनवरच्या प्रतीक्षा-संगीतापर्यंत सगळीकडे वाजत असतात. हे चार कॉन्चेर्टो १७२५ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये छापल्या गेलेल्या संग्रहातले आहेत. विवाल्दीने मात्र पाचशेच्या आसपास कॉन्चेर्टो रचले, अनेक ऑपेरा (संपूर्ण गायली जाणारी नाटके) लिहिले, चर्चसाठी पुष्कळ संगीत रचले. आणि या साऱ्याचा फार मोठा भाग विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत सामान्य श्रोत्याच्या कानावर पडलेला नव्हता. एखाद्या संगीतकाराची कीर्तीच त्याच्या उरलेल्या संगीताच्या आड यावी, अशी ही परिस्थिती होती. ती बदलण्यासाठी २००० साली ‘विवाल्दी एडिशन’ या नावाने एक ध्वनिमुद्रण-प्रकल्प सुरू झाला. इटलीतील तुरीन शहराच्या राष्ट्रीय विद्यापीठ ग्रंथालयात विवाल्दीची जेवढी हस्तलिखिते आहेत तेवढी सगळी, म्हणजे सुमारे ४५० रचना, क्रमाक्रमाने ध्वनिमुद्रित करण्याचा संकल्प त्यामागे होता. प्रस्तुत प्रकरण या प्रकल्पाचे आहे. यातला कळीचा निर्णय ‘निवडक’ ऐवजी ‘संपूर्ण’ हा होता, असे माझे मत आहे, आणि त्या निर्णयाची कारणे, किंमत आणि मर्यादा तपासणे हा या लेखाचा हेतू आहे.

हस्तलिखितांचा प्रवास

विवाल्दी १७४० मध्ये व्हेनिस सोडून व्हिएन्नाला गेला. तिथे त्याला सम्राट सहाव्या चार्ल्सचा आश्रय मिळण्याची आशा असावी. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात सम्राट निवर्तला आणि पुढच्या जुलै महिन्यात विवाल्दीही गेला. त्याचा अंत्यविधी गरिबांसाठी होतो तसा साधेपणाने झाला. त्याआधीच रसिकांची आवड नेपल्सच्या नव्या शैलीकडे वळली होती आणि त्याची छापील पुस्तके पुन्हा छापावीत असे कोणाला वाटले नाही. स्वतःजवळ बाळगलेला हस्तलिखितांचा साठा मात्र, बहुतेक सगळा त्याच्या स्वतःच्या किंवा त्याच्या लेखनिकांच्या हातचा, व्हेनिसमध्ये राहिला आणि ग्रंथसंग्राहक याकोपो सोरान्झो यांच्याकडे गेला. पुढे तो जाकोमो दुराझ्झो या उमरावाच्या हाती आला. दुराझ्झो मूळचे जेनोआचे. व्हिएन्नाच्या दरबारी नाट्यगृहाचे काम पाहिलेले आणि नंतर व्हेनिसमध्ये सम्राटाचे राजदूत म्हणून राहिलेले. त्यांचा संग्रह कुटुंबाबरोबर जेनोआला गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वारसांमध्ये वाटणी होताना पुस्तकांचीही वाटणी झाली. घरातल्या भांड्यांसारखे खंड दोन भावांत विभागले गेले, आणि एकाच संगीतकाराच्या सलग क्रमांकांच्या वह्या दोन वेगळ्या कपाटांत जाऊन पडल्या.

त्यांपैकी एक वाटा पुढे पिएमाँत या तुरीनच्या प्रांतातील बोर्गो सान मार्तिनो या गावी सालेशियन धर्मसंघाच्या एका विद्यालयाला देणगी म्हणून मिळाला. (डॉन बॉस्को शाळांमुळे मुंबईकरांना परिचित असलेला संघ तो हाच.) १९२६ मध्ये इमारतीच्या दुरुस्तीसाठी पैसा हवा म्हणून विद्यालयाने जुनी पुस्तके विकायचे ठरवले आणि त्यांची किंमत ठरवण्यासाठी तुरीनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे विचारणा केली. ग्रंथालयाचे संचालक लुईजी तोर्री यांनी हे काम तुरीन विद्यापीठात संगीताचा इतिहास शिकवणाऱ्या आल्बेर्तो जेंतिली यांच्याकडे सोपवले. पेट्यांतून निघालेल्या ९७ खंडांपैकी १४ खंड विवाल्दीचे होते.

जेंतिली यांच्यासमोर अडचण अशी होती की ग्रंथालयाकडे पैसा नव्हता, आणि सरकारकडे मागायला जावे तर बातमी फुटून संग्रह बाजारात विखुरण्याची किंवा दुसऱ्याच शहरात जाण्याची भीती होती. त्यांनी रोबेर्तो फोआ या शेअर दलालाला गाठले. फोआ यांचा माउरो नावाचा तान्हा मुलगा नुकताच वारला होता. त्यांनी १९२७ मध्ये संपूर्ण संग्रह विकत घेऊन मुलाच्या नावाने ग्रंथालयाला दिला. परंतु खंड तपासताना जेंतिली यांच्या लक्षात आले की क्रमांक तुटक आहेत आणि हा संग्रह अर्धाच आहे. वंशावळी धुंडाळून दुराझ्झो घराण्याच्या जेनोआतील वारसापर्यंत पोहोचायला आणि त्याचे मन वळवायला तीन वर्षे गेली. १९३० मध्ये दुसरा वाटाही मिळाला. या वेळी पैसा दिला तो फिलिप्पो जोर्दानो या कापड उद्योजकाने, आणि त्यांचाही रेन्झो नावाचा लहान मुलगा वारलेला होता. आज ग्रंथालयात हे दोन विभाग माउरो फोआ आणि रेन्झो जोर्दानो यांच्या नावानेच ओळखले जातात. दोन्ही मिळून विवाल्दीचे २७ खंड होतात.

दोन पित्यांचा शोक हा या प्रकरणातला योगायोग आहे, कारण नव्हे. तरीही त्याची नोंद घेतल्यावाचून राहवत नाही. सार्वजनिक पैसा जिथे पोहोचला नाही तिथे खासगी दुःखाने वाट काढली, आणि ज्या मुलांना संगीत ऐकायचेही वय लाभले नाही त्यांची नावे आज प्रत्येक संशोधकाच्या तळटिपेत आहेत.

मिळाले, पण ऐकू आले नाही

हस्तलिखिते हाती आली तरी त्यांतले संगीत लोकांपर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. इटलीच्या फॅसिस्ट राजवटीच्या १९३८ च्या वंशवादी कायद्यांनी ज्यू असलेल्या जेंतिली यांची प्राध्यापकी हिरावून घेतली. सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात युद्ध भडकलेले असताना, सिएनाच्या कीजियाना अकादमीत संगीतकार आल्फ्रेदो कासेल्ला यांच्या पुढाकाराने विवाल्दी सप्ताह झाला. आज जगभर गायली जाणारी त्याची ‘ग्लोरिया’ (आर. व्ही. ५८९) ही चर्चसाठीची समूहगायनाची रचना आधुनिक काळात पहिल्यांदा तिथे ऐकली गेली. ज्याने हा खजिना एकत्र आणला तो माणूस त्या सोहळ्याच्या बाहेर होता, ही गोष्ट इतिहासात ठळकपणे नोंदवली जायला हवी.

युद्धानंतर आंतोनियो फान्ना यांनी १९४७ मध्ये व्हेनिसला विवाल्दी संस्था स्थापन केली. संगीतकार जान फ्रांचेस्को मालिपिएरो यांच्या देखरेखीखाली रिकोर्दी या प्रकाशन संस्थेने वाद्यसंगीत छापायला घेतले आणि पुढच्या पंचवीस वर्षांत पाचशेहून अधिक पुस्तिका काढल्या. डॅनिश अभ्यासक पीटर रियोम यांनी १९७० च्या दशकात रचनांची क्रमवार सूची तयार केली. रचनेच्या नावापुढे येणारी ‘आर. व्ही.’ ही अक्षरे त्याच सूचीची. म्हणजे अभ्यासाची साधने तयार होती. तरीही ध्वनिमुद्रिकांच्या बाजारात ‘चार ऋतू’ पुन्हा पुन्हा निघत राहिले आणि बाकीचे कपाटात राहिले. ऑपेराकडे पाहण्याची वृत्ती तर फारच उणी होती. क्लाउदियो शिमोने यांनी १९७७ मध्ये ‘ओर्लांदो फुरिओसो’ या ऑपेराचे ध्वनिमुद्रण केले, तेही गायिका मॅरिलिन हॉर्न यांच्यासारख्या थोर कलावतीला घेऊन. ते त्या काळी धाडसाचेच होते. परंतु त्यात बरीच काटछाट होती आणि आरियांची, म्हणजे ऑपेरातल्या एकल गाण्यांची, जागा बदललेली होती. विवाल्दीचा ऑपेरा जसाच्या तसा ऐकवला तर श्रोता टिकणार नाही, असा समज त्यामागे दिसतो.

या समजाला पहिला मोठा धक्का १९९९ मध्ये बसला. गायिका चेचिलिया बार्तोली यांनी ‘इल जार्दिनो आर्मोनिको’ या जुन्या वाद्यांच्या वृंदासह विवाल्दीच्या आरियांची ध्वनिमुद्रिका काढली आणि ती प्रचंड गाजली. नेमके हे संगीत कुठे पडून होते, असा प्रश्न सामान्य श्रोते विचारू लागले. तुरीनचे संगीतशास्त्रज्ञ आल्बेर्तो बास्सो यांच्या मनात संपूर्ण संग्रह ध्वनिमुद्रित करण्याची कल्पना आधीपासून होती. ती आता अशक्य कोटीतली राहिली नाही.

‘संपूर्ण’ हा निर्णय

प्रकल्पाची मांडणी सोपी होती : पिएमाँतमधील संगीत-वारशासाठी काम करणारी संस्था संशोधनाची बाजू सांभाळणार आणि योलांता स्कुरा यांची ‘ओप्यूस १११’ ही फ्रेंच कंपनी ध्वनिमुद्रिका काढणार. थोड्याच काळात ही कंपनी ‘नाईव्ह’ या दुसऱ्या फ्रेंच कंपनीत सामावली गेली आणि मालिका तिच्या नावाने पुढे चालली. व्हिओला दा गांबा वाजवणाऱ्या सुझन ओर्लांडो यांनी पुढे तिचे संचालन केले. एकाच वृंदाला सगळे काम न देता प्रत्येक प्रकारच्या रचनेसाठी त्या त्या क्षेत्रात मुरलेले कलावंत घेतले गेले : रिनाल्दो आलेस्सांद्रिनी, ज्याँ-क्रिस्तोफ स्पिनोझी, ओत्ताव्हियो दांतोने, फेदेरिको मारिया सार्देल्ली, आलेस्सांद्रो दे मार्की.

‘निवडक’ संगीत काढणे कोणत्याही कंपनीला सोपे जाते. उत्तम ते वेचावे, दुबळे ते सोडावे, श्रोता खूश. परंतु निवड करणारा माणूस आपल्या काळाच्या कानाने निवडतो. १९५० च्या दशकातल्या निवडणाऱ्याला ऑपेरा टाकाऊ वाटले, १९७० च्या दशकातल्याला एकसुरी आरिया कापाव्याशा वाटल्या. त्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्यांनी जे गाळले ते गाळण्याजोगे होते की नाही हे तपासण्याची सोय श्रोत्याकडे नव्हती. संपूर्ण संग्रहाचा संकल्प केल्यामुळे ही गाळणी दूर झाली. दुबळ्या रचनाही आल्या, आणि त्या यायलाच हव्या होत्या, कारण त्यांच्याशेजारी ठेवल्यावरच थोर रचनांची थोरवी मोजता येते.

शिवाय ‘संपूर्ण’ याचा अर्थ रचना अखंड गाणे असाही होता. स्पिनोझी यांचे ‘ओर्लांदो फुरिओसो’ (२००४) शिमोने यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणाशेजारी ऐकावे. रुज्जेरो या पात्राची ‘सोल दा ते’ ही आरिया त्यात फिलिप जारुस्की गातात. जादूच्या पाण्याने भुललेला हा वीर प्रेमात विरघळत असताना आडवी बासरी त्याच्या आवाजाभोवती लांब, दमदार ताना घेत राहते. कित्येकदा ताण गायकावर नसून बासरीवादकाच्या श्वासावर असतो. आरिया धिमी आहे, लांब आहे, आणि नाट्याची गती तिच्यापाशी जवळजवळ थांबते. कापायचीच म्हटली तर सगळ्यांत आधी हिच्यावरच कात्री चालावी. पण ती पूर्ण ऐकल्यावरच पुढच्या अंकांतला ओर्लांदोचा उन्माद का इतका भयंकर वाटतो ते कळते.

वाद्यांचा आणि स्वरपट्टीचा विचारही नव्याने झाला. आतड्याच्या तारा, जुन्या वळणाचे धनुष्य, जिथे हस्तलिखितात मागितले असेल तिथे दुर्मीळ वाद्ये. ‘जुदीता त्रिउम्फान्स’ (१७१६) या ऑरेटोरिओत, म्हणजे अभिनयाविना गायल्या जाणाऱ्या धार्मिक संगीतकथेत, याचा प्रत्यय येतो. विवाल्दीने तो व्हेनिसच्या ओस्पेदाले देल्ला पिएता या अनाथालयातल्या मुलींसाठी लिहिला, त्यामुळे सेनापती होलोफेर्नेससह सगळ्या भूमिका स्त्रियांच्याच आवाजात आहेत. कॉर्फू बेटावर तुर्कांशी चाललेल्या युद्धाचे रूपक त्यात आहे. विवाल्दीच्या ऑरेटोरिओंपैकी एवढा एकच शिल्लक राहिला. एका आरियेत शालुमो हे क्लॅरिनेटच्या कुळातले, आज जवळजवळ विस्मृत झालेले वाद्य कबुतराच्या घुमण्याची आठवण करून देते. दुसऱ्या एका आरियेत आयुष्य निसटून चालल्याच्या शब्दांना एकटे मँडोलिन साथ करते. आधुनिक वाद्यवृंदात या जागी क्लॅरिनेट किंवा व्हायोलिन बसवले की सूर तेच राहतात, पण विवाल्दीने हे वाद्य इथेच का योजले हे ऐकणाऱ्याला कळत नाही. या मालिकेतले दे मार्की यांचे ध्वनिमुद्रण ऐकले की ते कळते.

एक आरिया, जवळून

सगळ्या प्रकरणातले एक उदाहरण मला विशेष महत्त्वाचे वाटते. ‘चार ऋतू’तल्या ‘हिवाळा’ या कॉन्चेर्टोची सुरुवात आठवावी. खर्जात एकच स्वर तुटक तुटक ठोके देत राहतो; मग त्याच्यावर एकेक वाद्य चढत जाते, व्हिओला, दुसरे व्हायोलिन, पहिले व्हायोलिन, आणि प्रत्येक नवा स्वर आधीच्याशी किंचित खटकतो. थंडीने दातखीळ बसावी असा तो परिणाम आहे. कोट्यवधी लोकांनी तो ऐकला आहे.

१७२७ मध्ये व्हेनिसला रंगमंचावर आलेल्या ‘फार्नाचे’ या ऑपेराच्या दुसऱ्या अंकात ‘जेलिदो इन ओन्यी व्हेना’ ही आरिया आहे. पोंतुसचा पराभूत राजा फार्नाचे याने आपला मुलगा रोमनांच्या हाती पडू नये म्हणून त्याला मारण्याची आज्ञा पत्नीला दिली आहे, आणि तिने ती पाळली असे तो समजतो. प्रत्यक्षात तिने मुलाला लपवले आहे. तो गातो : नसानसांतून माझे रक्त गोठून वाहते आहे, निष्प्राण मुलाची छाया मला भयाने व्यापते आहे. आणि वाद्यवृंद काय वाजवतो, तर ‘हिवाळ्या’ची तीच सुरुवात. तेच तुटक ठोके, तेच एकावर एक चढत जाणारे खटकते स्वर. फरक असा की तिथे बाहेरची थंडी होती, इथे ती बापाच्या शरीरात शिरली आहे. दहा मिनिटांहून अधिक काळ ही आरिया चालते, आणि मधल्या भागात आपणच निष्पाप जिवाशी क्रूर वागलो हे उमगते तेव्हा गाणे मोडून पडेल असे वाटत राहते.

जोर्दी सावाल यांच्या ‘फार्नाचे’च्या ध्वनिमुद्रणात, जे आधी त्यांच्या स्वतःच्या कंपनीने काढले आणि नंतर या मालिकेत सामावून घेतले गेले, राजाची भूमिका फुरिओ झानासी यांच्या भारदस्त पुरुषी आवाजात आहे. बार्तोली यांच्या ध्वनिमुद्रिकेतही ही आरिया होती. दोन्ही ऐकण्याजोग्या आहेत. परंतु माझ्या दृष्टीने मुख्य गोष्ट वेगळी आहे : ‘हिवाळा’ हे निसर्गचित्र आहे असे आपण मानत आलो. विवाल्दीच्या मनात त्याच आकृतीला मृत्यूचा आणि अपराधाचा अर्थही होता, हे आरिया ऐकल्याशिवाय कळणे शक्य नव्हते. अपरिचित रचना ऐकल्याने परिचित रचनेचाही अर्थ बदलतो, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

‘एकच कॉन्चेर्टो’ हा आरोप

विवाल्दीने एकच कॉन्चेर्टो शेकडो वेळा लिहिला, असा एक शेरा विसाव्या शतकात फार फिरला. तो इगोर स्त्राव्हिन्स्की यांच्याही नावावर सांगितला जातो आणि लुईजी दाल्लापिक्कोला यांच्याही. कोणी का म्हटले असेना, थोडेच ऐकून तो पटण्याजोगा वाटत असे. ‘बसून’ या वाद्यासाठी लिहिलेल्या कॉन्चेर्टोंनी तो खोडून काढला, असे मला वाटते.

बसून हे खर्जाचे, लाकडी, दुहेरी पत्तीचे वाद्य. विवाल्दीच्या काळी त्याचे काम मुख्यतः चेलोला जोड देण्याचे. अशा वाद्यासाठी विवाल्दीने ३९ कॉन्चेर्टो लिहिले, त्यांपैकी दोन अपुरे. व्हायोलिन सोडले तर दुसऱ्या कोणत्याही एकल वाद्यासाठी त्याने इतके लिहिलेले नाही. का लिहिले याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. एका हस्तलिखितावर प्रागशी संबंध असलेल्या मोर्झिन या उमरावाचे नाव आढळते, एकावर ज्युझेप्पे बियांकार्दी या वादकाचे. सेर्जो आझ्झोलिनी यांनी हे कॉन्चेर्टो या मालिकेत खंडामागून खंड वाजवले, आणि एकाच वाद्याच्या, एकाच साच्याच्या रचना ओळीने ऐकताना कंटाळा येण्याऐवजी कान तीक्ष्ण होत जातो. कुठे बसून चेष्टेखोर उड्या घेतो, कुठे मधल्या चरणात जवळजवळ मानवी आवाजाने विनवणी करतो. ‘रात्र’ (आर. व्ही. ५०१) या कॉन्चेर्टोत भुते, झोप आणि उगवती पहाट असे टप्पे आहेत, आणि झोपेच्या जागी वादकाला स्वर जवळजवळ न हलवता धरून ठेवायचा असतो. वेगापेक्षा हे कठीण. साचा एकच आहे हे खरे. पण साचा एकच असल्यामुळेच त्यात काय काय बदलते ते दिसते. ख्याल ऐकणाऱ्या श्रोत्याला हे समजावून सांगावे लागू नये. स्थायी-अंतऱ्याचा बांधा सगळ्या बंदिशींना सारखा म्हणून सगळ्या बंदिशी सारख्या आहेत, असे आपण कधी म्हणत नाही.

अडचणी आणि उणिवा

प्रकल्प निर्विघ्न चाललेला नाही. मूळ अपेक्षा सुमारे पंधरा वर्षांत काम पुरे करण्याची होती. ती मुदत केव्हाच उलटली. ध्वनिमुद्रिकांचा धंदाच या काळात कोसळला, २०१६ मध्ये नाईव्ह कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि ‘बिलीव्ह’ या डिजिटल संगीत-वितरण कंपनीने ती घेतली. मालिका तरीही थांबली नाही, ‘डोरिल्ला इन तेम्पे’, ‘इल जुस्तिनो’, ‘इल तामेर्लानो’ हे ऑपेरा त्यानंतर आले आणि खंडांची संख्या साठाच्या पुढे गेली. एक ऑपेरा ध्वनिमुद्रित करायचा म्हणजे सहा-सात उत्तम गायक, वृंद, संहितेचे संपादन, सराव आणि स्टुडिओ यांचा खर्च. आणि विक्री काही हजारांची. असे काम बाजाराच्या गणितावर उभे राहत नाही, सार्वजनिक संस्थांचा आधार लागतोच.

मुखपृष्ठांबद्दलही बोलायला हवे. छायाचित्रकार देनी रुव्र यांनी काढलेली स्त्रियांची भडक, फॅशन मासिकातल्यासारखी छायाचित्रे मालिकेची ओळख बनली. संगीताशी त्यांचा संबंध शोधूनही सापडत नाही. दुकानात ती लांबून ओळखू येत, हा फायदा मान्य आहे; पण पिएताच्या मुलींचे चेहरे श्रोत्यांपासून जाळीआड ठेवले जात असत, हे ठाऊक असलेल्याला ही निवड खटकते. मला ती खटकते. त्याचप्रमाणे काही ध्वनिमुद्रणांत वेगाचा आणि आघातांचा अट्टाहास जाणवतो. ‘नवा विवाल्दी’ म्हणजे तापट विवाल्दी असा एक फॅशनेबल समज मधल्या काळात रुजला, आणि जिथे संगीताला श्वास हवा होता तिथे तो मिळाला नाही. दांतोने आणि आलेस्सांद्रिनी यांच्या हातून हे कमी झाले आहे.

आणखी एक पेच वैचारिक आहे. संग्रहातले सगळे संगीत विवाल्दीचे नाही. ‘इल तामेर्लानो’ (१७३५) हा ऑपेरा त्याने वेरोनासाठी जुळवला तेव्हा त्यात हास्से, जाकोमेल्ली, ब्रोस्की या इतर संगीतकारांच्या आरिया घातल्या, आणि त्याही ढोबळपणे पाहता विजेत्या तार्तारांच्या बाजूला. पराभूत बायाझेतच्या बाजूला स्वतःचे संगीत ठेवले. ‘ग्लोरिया’चा अखेरचा फ्यूग (एकच सुरावट अनेक आवाज एकामागून एक उचलतात तो भाग) तर त्याने जोव्हान्नी मारिया रुज्जेरी या संगीतकाराच्या रचनेवरून बेतला, आणि त्या रचनेची प्रत तुरीनच्या संग्रहातच आहे. ‘तितो मान्लियो’ या ऑपेराच्या हस्तलिखितावर हे संगीत पाच दिवसांत केल्याची नोंद आहे. निवड करणाऱ्याने या साऱ्यातून ‘शुद्ध विवाल्दी’ वेगळा काढला असता. संपूर्णतेच्या आग्रहामुळे श्रोत्यासमोर कामकरी संगीतकार उभा राहतो : मुदत पाळणारा, जुने पुन्हा वापरणारा, दुसऱ्याचे चांगले दिसले तर ते घेऊन आपल्या कामाला लावणारा. हा विवाल्दी मला अधिक खरा वाटतो.

आपल्या कानांसाठी

मराठी श्रोत्याला या प्रकरणात विचार करण्याजोगे बरेच आहे. लिहिलेले संगीत दोनशे वर्षे कपाटात पडून राहू शकते आणि तरी पुन्हा गाता येते. कंठातून कंठात जाणारी बंदिश एका पिढीत गायची राहिली की संपते. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांतल्या बंदिशी मिळवून सहा भागांत स्वरलिपीसह छापल्या, त्या याच भीतीपोटी. त्यांतल्या अनेक बंदिशी आजही विद्यार्थी परीक्षेपुरत्या शिकतात आणि मैफलीत कोणी गात नाही. छापले जाणे आणि ऐकले जाणे यांत जे अंतर विवाल्दीच्या बाबतीत होते, तेच इथेही आहे. एखाद्या संग्रहातली प्रत्येक बंदिश, आवडती-नावडती न पाहता, जाणत्या गायकांकडून क्रमाने गाऊन घेण्याची कल्पना आपल्याकडेही करून पाहण्याजोगी आहे.

विवाल्दीचा भारताशी असलेला धागा मात्र नावापुरताच. ‘ग्रोस्सो मोगुल’ (आर. व्ही. २०८) या व्हायोलिन कॉन्चेर्टोच्या नावात मुघल बादशहा आहे, संगीतात काही भारतीय नाही, जर्मन संगीतकार बाखने तो कॉन्चेर्टो ऑर्गनसाठी उतरवून घेतला होता. तरी त्याचा मधला चरण आपल्याकडच्या श्रोत्याने आवर्जून ऐकावा. तिथे वृंद गप्प होतो, खाली फक्त आधाराचे स्वर राहतात आणि व्हायोलिन लयीच्या बंधनाबाहेर बोलू लागते. आलापाची सवय असलेल्या कानाला तिथे पाऊल ठेवायला जागा मिळते.

संग्रहाच्या चौकटीबाहेर

या प्रकल्पाची सर्वांत मोठी मर्यादा त्याच्या व्याख्येतच आहे. तुरीनचा संग्रह म्हणजे विवाल्दीने स्वतःजवळ ठेवलेले संगीत. जे त्याने विकले, भेट दिले किंवा दूरच्या दरबारांना पाठवले ते या २७ खंडांत असेलच असे नाही, आणि त्यातले कित्येक अलीकडे इतरत्र सापडले आहे. व्हायोलिनसाठीचे बारा सोनाता (वृंदाविना, थोड्या वाद्यांच्या रचना) १९७० च्या दशकात मँचेस्टरच्या ग्रंथालयात मिळाले. कीव्हहून बर्लिनला परत आलेल्या, झिंग-अकादमी या तिथल्या गायनसंस्थेच्या दप्तरात २००२ मध्ये ‘मोतेझुमा’ या हरवलेल्या ऑपेराचे संगीत ओळखले गेले. ड्रेस्डेनमधील, गालुप्पी या दुसऱ्या संगीतकाराच्या नावावर असलेली ‘दिक्सित दोमिनुस’ ही चर्चसाठीची रचना विवाल्दीची असल्याचे २००५ मध्ये ऑस्ट्रेलियन अभ्यासक जॅनिस स्टॉकिग्ट यांनी दाखवून दिले. ‘मुघल सम्राट’ याच नावाचा एक बासरी कॉन्चेर्टो २०१० मध्ये एडिंबरोच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात सापडला. फ्रान्स, स्पेन आणि इंग्लंड यांच्या नावांचे त्याचे तीन सोबती अजून बेपत्ता आहेत. यांतल्या बऱ्याच रचना इतर कंपन्यांनी ध्वनिमुद्रित केल्या. त्यामुळे विवाल्दीचे समग्र संगीत ऐकू इच्छिणाऱ्याने या मालिकेवरच थांबून चालणार नाही. तिच्याबरोबर मँचेस्टर सोनाता, ‘मोतेझुमा’ आणि ड्रेस्डेनचे ‘दिक्सित दोमिनुस’ एवढे तरी मिळवून ऐकावे. आपण ९४ ऑपेरा लिहिले असे विवाल्दी सांगत असे. त्यांपैकी सुमारे पन्नासांच्या संहितांचा माग लागतो, आणि संगीत जेमतेम वीस ऑपेरांचे हाती आहे.